सहा व्होल्टच्या गाडीतली गाणी

माणसाने विजेला माणसाळवलं, त्या दिवशी माणूसजातीचा खरा इतिहास सुरू झाला. त्याआधीची सगळी नुसती प्रस्तावना. हे वाक्य सरांनी पदार्थविज्ञानाच्या पहिल्या तासाला चौतीस वर्षं म्हटलं होतं, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली होती. आत्ताही ते त्यांनी मोठ्याने म्हटलं. फरक एवढाच की आत्ता ते गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणे पडले होते, पाय दाराबाहेर होते, आणि तिसरा फ्यूज नुकताच उडाला होता. टाळी कुणी वाजवली नाही.

गाडी सरांपेक्षा चार वर्षांनी मोठी. निवृत्त झाल्यावर माणसं एक तर बागकाम करतात, नाहीतर इतरांना सल्ले देतात. सरांनी दोन्ही करून पाहिलं. झाडं मेली आणि इतरांनी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी ही गाडी घेतली. गोल दिवे, गुबगुबीत मडगार्ड, डोळे दिपतील असा क्रोम. रस्त्यात लोक थांबून तिचे फोटो काढायचे, तेही सरांना जरा बाजूला व्हायला सांगून.

फक्त सरांची बायको तिच्यात बसत नसे. पहिला एक महिना बसली, मग तिने स्वतःची छोटी नवी गाडी घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं तिच्या बहिणीकडे जात. अडीच तासांचा रस्ता, माणसं दोन आणि गाड्याही दोन. ती चाळीस मिनिटं आधी पोचायची. सर पोचेपर्यंत दोघी बहिणींचं सरांविषयीचं बोलणं आटोपलेलं असायचं आणि साडू दारातच विचारायचा, "काय, पुन्हा भांडलात?" गेली आठ वर्षं सर या प्रश्नावर हसत होते, आणि गेली आठ वर्षं तो त्यांना लागत होता.

शेवटी एकदा त्यांनी धीर करून बायकोला कारण विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरून म्हणाली, "माझ्या गाडीत गाणी तरी लागतात."

झालं. एक निरीक्षण मिळालं की सर सिद्धांत मांडून मोकळे. दुसऱ्या निरीक्षणासाठी थांबायचं असतं, हे विद्यार्थ्यांना सांगायचं असतं.

दुसऱ्याच दिवशी ते नवाकोरा स्टिरिओ घेऊन आले. निळे दिवे, फोनशी परस्पर संधान बांधणारा, खोक्यावर छापलेली वॅटची संख्या वाचूनच कानठळ्या बसाव्यात असा. येत्या रविवारी तुझी गाडी घरी राहील आणि तू माझ्या शेजारी बसशील, असं त्यांनी घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, "बघू." संसाराच्या एकोणचाळीस वर्षांत या शब्दाचा अर्थ सहसा 'नाही' असाच निघाला होता. पण सरांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि अशा वेळी त्यांना इतिहास आठवत नाही.

जोडणी अगदी सोपी होती. काळी वायर गाडीच्या पत्र्याला, लाल वायर डॅशबोर्डमागच्या वीज येणाऱ्या वायरला. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्याचं वर सांगितलंच. चौथा फ्यूज नव्हता, तेव्हा सरांनी ती गोष्ट केली जिच्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतून कित्येकांना हाकललं होतं: फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला. स्टिरिओने एकदाच, अगदी सभ्यपणे, धूर सोडला आणि प्राण सोडला.

सर रस्ता ओलांडून समोरच्या बॅटरीच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा कपाळावर, हाताला कायम ग्रीस. एका मित्राच्या गाडीत जरा अडचण आहे, असं सर म्हणाले.

"मित्राच्या गाडीतला धूर इथून दिसला, सर," बाई म्हणाल्या आणि टेस्टर घेऊन निघाल्या.

त्यांनी बॉनेट उघडलं, दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, "बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय?"

"ऋण. ते नेहमी ऋणच असतं."

"बघितलंत?"

सरांनी बघितलं नव्हतं. चौतीस वर्षं जे फळ्यावर काढलं ते बघायला कोण वाकतं? आता वाकले. पत्र्याला जाणाऱ्या जाड पट्ट्याच्या टोकाशी, बॅटरीवर, ठसठशीत अधिकचं चिन्ह होतं. त्या काळच्या काही गाड्यांत अधिक टोकच बॉडीला जोडायचे. म्हणजे सरांनी स्टिरिओत वीज उलटी भरली होती, आणि तीही निम्मी, कारण गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची आणि स्टिरिओला हवे होते बारा.

"कुठल्या टोकाला अधिक म्हणायचं ही माणसाने केलेली सोय आहे," सर म्हणाले. "निसर्गाला त्याचं काही नसतं."

"निसर्गाला नसेल. स्टिरिओला होतं."

बाईंनी मग उपाय सांगितला. गाडीची सगळी वीज बदलायची तर डायनॅमोपासून दिव्यांपर्यंत सगळंच बदलावं लागेल, आणि म्हातारीला ते सोसायचं नाही. त्यापेक्षा डिकीत बारा व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवायची, घरी चार्ज करायची, आणि तिच्या दोन्ही वायरी थेट स्टिरिओत न्यायच्या. पत्र्याशी कुठेही संबंध नको. वायरीला पत्रा एका ठिकाणी शिवला तर एकवेळ खपून जाईल, दोन ठिकाणी शिवला तर वायर पेटेल. थोडक्यात, एका घरात राहायचं पण बोलायचं नाही. सर म्हणाले, जमेल, सवय आहे.

दुसरा स्टिरिओ आला. सरांनी त्याच्यासाठी लाकडी पेटी केली. तिची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर उंच झाली, तेव्हा ती मुद्दाम तशी ठेवल्याचं त्यांनी स्वतःला पटवलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचं अस्तर लावून पेटी डॅशबोर्डखाली टांगली. मग गाण्यांची यादी केली. बायको घरात वावरताना जे गुणगुणते ते आठवून आठवून लिहिलं. दोन चालींचे शब्द काही केल्या आठवेनात, म्हणून मेहुणीला फोन केला आणि तिला त्या स्वतः गाऊन दाखवल्या. मेहुणी बराच वेळ हसली, पण शब्द तिने सांगितले.

रविवारी सकाळी बायको स्वतःच्या गाडीची किल्ली हातात घेऊनच बाहेर आली. तिने खिडकीतून वाकून ती तिरकी पेटी पाहिली, ते निळे दिवे पाहिले, आणि सरांचा चेहरा पाहिला. मग आत जाऊन किल्ली खुंटीला लावून आली आणि शेजारी बसली. सरांनी काही न झाल्यासारखं इंजिन सुरू केलं, फक्त गिअर चुकीचा टाकला.

गाणी लागली, आणि काय लागली! घाट नसलेला सरळ रस्ता, गाडीचा बैलगाडीला लाजवणारा वेग, मागून हॉर्न देणाऱ्यांची रांग. सरांना कशाचं काही वाटेना. डोळ्याच्या कोपऱ्यातून ते शेजारी बघत होते. बायको एकेका गाण्याला डोलत होती. कधी डावीकडे झुकायची, कधी उजवीकडे, मध्येच वरचं हँडल धरून अर्धवट उठल्यासारखीही व्हायची. इतकी रसिकता तिच्यात असेल याची सरांना एकोणचाळीस वर्षांत कल्पना नव्हती. कौतुक झालं तर काय म्हणायचं हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं: 'फार काही नाही, साधं पदार्थविज्ञान.'

तासाभराने ती म्हणाली, "अहो."

सरांनी आवाज कमी केला.

"गाणी छान निवडलीत. मनापासून सांगतेय."

"फार काही नाही, साधं—"

"तेवढी गाडी जरा बाजूला घ्या."

सरांनी घेतली. सगळे हॉर्न पुढे निघून गेले.

"या सीटची एक स्प्रिंग वर आलीय. गाडी आणलीत त्या पहिल्या महिन्यापासून."

सरांनी स्टिरिओ बंद केला. त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा तुम्ही कार्ब्युरेटर समजावून सांगितलात." तिने साडी सारखी केली आणि सरांच्या पाठीकडे बोट दाखवलं. "ती तुमच्या मागची उशी जरा इकडे देता का?"