त्रिकोणाला दोनदा

दुकानांवर ताणायची कापडी छतं शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड बेतायचं काम मास्तरांचं आणि शिवायचं त्यांच्या बायकोचं. झाली सव्वीस वर्षं. मास्तर मापाचे इतके पक्के, की लग्नाआधी तिच्या घरी पाहुणे म्हणून आले तेव्हा खिशातला टेप काढून त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, "हे कपाट द्यायचं असेल तर दरवाजा फोडावा लागेल."

गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातून नेमकी एक गोष्ट निसटायला लागली. निम्मं. छताला उतरता असा एक मोठा आयत लागतो आणि दोन बाजूंना दोन त्रिकोण. आयत म्हणजे लांबी गुणिले रुंदी, झालं. त्रिकोण म्हणजे पाया गुणिले उंची आणि त्याचं निम्मं. मास्तर ते निम्मं करायचं विसरत, नाहीतर नको तिथे, आयताचंच करून बसत.

बायकोने तोड काढली. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान मशीनवर वाजवायचं. आयताला एकदा, त्रिकोणाला दोनदा. मास्तर वर न बघता मान हलवत आणि खडू बरोबर जागी टेकवत. आठ महिने खपून गेलं.

"काकू, तुमच्यापेक्षा तुमचं अंगुस्तानच जास्त बोलतं," शेजारच्या मशीनवरची म्हणायची.

"घरी मलाच बोलावं लागतं बाई. इथे बोलू दे त्याला."

मग एकदा दाढ सुजली म्हणून ती दोन दिवस घरी राहिली. तेवढ्यात मास्तरांनी पन्नास चौरस फुटांच्या आयताचं निम्मं करून पंचवीसच कापलं. आल्यावर तिने गुपचूप दुसरा तुकडा जोडला. पण मधोमध शिवण आलेलं छत गळणारच. ते गळलं आणि परत आलं.

मालक वाईट माणूस नव्हता. तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

"वहिनी, उद्या मास्तरांना समोर बसवून एकच माप विचारतो," तो म्हणाला. "चुकले तर मात्र कात्री खाली ठेवायची."

कात्री गेली की मास्तर घरी खुर्चीत बसणार, आणि बसल्या जागी उरलंसुरलंही विसरणार, हे तिला सांगायला डॉक्टर नको होता.

सकाळी मालक कापायच्या टेबलाशी आला. "दुकान दहा फूट रुंद. छत चार फूट बाहेर येतं आणि तीन फूट खाली उतरतं. कापड किती, मास्तर?"

"तीन आणि चार, म्हणजे उतार पाच," मास्तर तडक म्हणाले. "पाच दाहे पन्नास. हा आयत."

टक. तिचा जीव भांड्यात पडला.

"आता बाजू. तीन चोक बारा."

टक टक.

मास्तर थांबले. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात. टक टक. आख्खी खोली शिवायची थांबली होती.

"मालक, ती टकटक बंद करायला सांगा हो कुणाला तरी," मास्तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "हिशेब चुकतो माझा. हां. बारा आणि बारा चोवीस. एकूण चौऱ्याहत्तर चौरस फूट." आणि पहिला नंबर आल्यासारखे हसले.

खरं उत्तर बासष्ट. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मालकाने टेबलावरची खडूची डबी उचलून तिच्या मशीनवर ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला, "आजपासून कात्री तुम्ही घ्या. तुम्हाला येतं सगळं."

ती उठली. अंगुस्तान बोटात अडकलं होतं, निघता निघेना. मास्तरांनी कुरकुर केली नाही. कात्री मुठीकडून तिच्या हातात दिली, पूर्वी तिला द्यायला शिकवलं होतं तशीच. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्रिकोण आला की निम्मं करायचं बरं का. नवीन माणसं तिथंच चुकतात."

"हो."

"किती दिवस झाले तुम्हाला इथे लागून?"

तिने कात्री दोन्ही हातांनी धरली. "सव्वीस वर्षं."

"थट्टा करता होय!" मास्तर हसले, आणि टेबलावरचा खडू झटकत इकडेतिकडे बघू लागले. "आमची ही कुठं गेली? दाढ दुखतीये तिची."