सतरा दिवसांची ओल

सासूनं वाढलेला घास तोंडात घोळवत सासूशीच खोटं बोलणाऱ्या जावयाला केशरबाईच्या लेखी ढोराएवढीही किंमत नव्हती. ढोर निदान खाताना गप्प असतं.

धोंड्याच्या महिन्याचं जेवण होतं. बद्रीनाथ पाटावर ऐसपैस बसला होता. पुढ्यात पुरणाचे धोंडे, परातीत तेहतीस अनारसे, आणि चेहऱ्यावर तोरा असा की टेंभुर्णीला यंदाचा पाऊसही हाच पाडणार.

"जावईबापू, ती फिल्म आणली का?" तूप वाढता वाढता केशरबाईनं विचारलं.

"राह्यली मामी. निघायच्या घाईत."

केशरबाईचा हात थांबला. फोनवर दोनदा विचारलं तेव्हा हाच म्हणाला होता, "हाय मामी, मस्त आलीय."

फिल्म होती सोनूबाईच्या हातांची. सोनूबाई तिची थोरली जाऊ. उतरलेला खांदा, निखळलेला घोटा बसवावा तर तिनंच. पण ते कसं, हे तिनं कुणाला शिकवलं नव्हतं. चिंचेच्या एका फांदीवरून दोघींची अकरा वर्षं बोलचाल बंद होती. नवऱ्यापुढंही कधी न वाकलेली केशरबाई वैशाखात तिच्या दारात गेली.

"बाई, तुमच्या मागं हा इलम मातीत जाईल. एकदा दाखवा. जावई कॅमेऱ्यात भरून ठेवतो. माझी बेबीनंदा पाहून पाहून शिकंल."

सोनूबाईनं तिला आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "एकदा दाखवीन. घडी घडी दाखवायला मी काय तमासगीर न्हाई."

बद्रीनाथचा नवीन जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास. गोधडीत गुंडाळून त्यानं अख्खा कॉम्प्युटर जीपमध्ये घालून आणला, वायरीच्या टोकाचा लिंबाएवढा कॅमेरा खुंटीला बांधला. "प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय मामी. कॅमेऱ्याला दिसंल ते फाइलीत भरत जातं. शेवटी बटण दाबलं की फाइल बंद."

चुलतदीर अप्पाराव खाटेवर कण्हत होता. त्याचा खांदा जांभई दिली तरी उतरायचा. सोनूबाईनं चाचपलं, कोपर धरलं, हळूच बाहेर वळवलं. कट्ट आवाज झाला, अप्पारावनं शिवी हासडली, आणि त्याच घडीला लाइट गेली. लोडशेडिंगची वेळच ती.

"फिकर नको मामी, सगळं आलंय," बद्रीनाथ म्हणाला होता.

त्यानंतर सतरा दिवस सोनूबाई धडधाकट हिंडली. अठराव्या दिवशी तिचं उजवं अंग गेलं. तो हात आता खाटेवर फडक्यासारखा पडून होता.

केशरबाईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. "खरं बोला."

"फाइल हाय मामी, चांगली मोठी हाय. पण उघडत न्हाई. बटण दाबायच्या आधीच लाइट गेली, फाइल बंदच झाली न्हाई."

"म्हंजे पोतं भरलं अन् तोंड शिवलं न्हाई."

"तसंच समजा."

"कधी कळलं?"

बद्रीनाथनं अनारसा मोडला. "त्याच संध्याकाळी. तुम्ही चिडाल म्हणून... दुरुस्त करून पाहू राह्यलो होतो."

"आई, जेवू तरी दे त्यांना," बेबीनंदा चुलीपासून म्हणाली.

"तू गप. जेवायला मी कुठं अडवलं?" केशरबाई पाटासमोर येऊन उभी राहिली.

"जावईबापू, लाइट गेली, तो तुमचा गुन्हा न्हाई. बटण राह्यलं, तेही माफ. बियाणं कुणाचंही फसतं. पण उगवलं न्हाई असं दिसलं की शहाणा माणूस लगेच मोडून दुबार पेरतो, कारण जमिनीत अजून ओल असती. मी पुन्हा सोनूबाईच्या दारात गेले असते, तिचे पाय धरले असते. तुम्ही माझ्या रागाला भेलात, अन् सतरा दिवसांची ओल सरू दिली. ताट तुमच्या हक्काचं हाय, पोटभर जेवा. मंग ही परात उचला, तिच्या खाटेपाशी न्या, अन् काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. तिनं डाव्या हातानं एक तरी अनारसा उचलला, तरच पुढच्या धोंड्याला तुमचा पाट मांडीन."