बाबा नावाचं मॉडेल

“मॉडेल कोणतं, काकू?”

“काळं.”

“काळी सगळीच असतात हो.”

“मग गोल. काळं, गोल आणि परवापासून मुकं.”

मोबाइल दुरुस्तीवाल्याने हसू ओठांत दाबले. काउंटरवर तीन चार्जर मांडून त्याने घड्याळाची पाठ एकेकाला लावून पाहिली. एकही चिकटेना. “बघा, प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी. मूळचा चार्जर कुठंय?”

“ह्यांनी ठेवलाय कुठंतरी. ह्यांनी ठेवलेलं आता देवालाही सापडत नाही.”

‘हे’ दुकानाच्या कोपऱ्यात टाचा उंचावून उभे होते. तिथे भिंतीवर विजेचा मीटर होता. चौतीस वर्षे घरोघर मीटरचे आकडे टिपत फिरलेला माणूस. निवृत्त झाला आणि एकेक गोष्ट वाटेत सांडत गेला. आधी किल्ल्या सांडल्या, मग वार, मग नातवंडांची नावे, आणि गेल्या वर्षी बायकोची ओळख. मीटर तेवढा राहिला.

“फोनमध्ये घड्याळाचं नाव काय दाखवतं?”

टेलरकाकूंनी फोन पुढे केला. लेकाने घड्याळ जोडून देताना हौसेने नाव घातले होते : ‘बाबा’.

“बाबा नावाचं मॉडेल अजून बाजारात आलं नाही, काकू.”

“आलं होतं. आता तसली बनत नाहीत.”

दुकानदाराने तिन्ही चार्जर आवरले. मग घड्याळ त्यांच्या हातात देत म्हणाला, “पाठीवर नंबर कोरलेला असतो. माझ्या चष्म्याला काही तो दिसत नाही. घरी निवांत बघा, फोन करा. माझ्याकडं असेल तर आजच देतो. उद्या मात्र दुकान बंद.”

उद्या. उद्याच तर लेक यायचा होता, कुलूप घेऊन.

घड्याळ मनगटावर असले की काकूंच्या फोनमध्ये एक निळा ठिपका चालायचा. काकू मशीनवर बसल्या बसल्या बघायच्या. ठिपका वळला, ठिपका थांबला, ठिपका घराकडे निघाला. फार लांब गेला तर पाय चपलेत घालून त्याला आणायला जायच्या. परवा ठिपका विझला. मग पाच तास शोधाशोध, आणि हे सापडले पुलापलीकडच्या एका इमारतीत, जिन्याखाली, हातात पेटलेली बॅटरी घेऊन मीटरसमोर.

“आई, आता पुरे,” लेक फोनवर म्हणाला होता. “दाराला बाहेरून कुलूप घालायचं.”

“माणूस आहे तो. कपाट नाही.”

“आणि गाडीखाली आले म्हणजे?”

 कापड कमी पडले म्हणून झंपर अर्धा सोडणाऱ्या काकू नव्हेत. “घड्याळ चालू झालं तर कुलूप नाही. शब्द दे.”

“त्याचं मॉडेल मलासुद्धा आठवत नाही, आई.”

“शोधीन.”

घरी येऊन त्यांनी घड्याळ खिडकीच्या उजेडात पालथे धरले. काळ्यावर काळी अक्षरे, तीही घामाने झिजलेली. बोट फिरवले तर काहीतरी खरखरत होते. म्हणजे खाच होती. आणि जिथे खाच आहे तिथे खडू बसतो, हे ज्याने आयुष्यभर कापडावर रेघा मारल्या त्याला कुणी शिकवावे लागत नाही. काकूंनी डब्यातला पांढरा खडू काढला, घड्याळाच्या पाठीवर चांगला घासला आणि अंगठ्याने वरवर पुसून घेतला. वरची भुकटी गेली, खाचेतली राहिली. दवात कोळ्याचे जाळे उमटावे तशी अक्षरे उमटली, मुंगीच्या पावलाएवढी.

डोळ्यांना ताण देऊन त्यांनी ती वाचली, फोन लावला. “एच, आर, चार, शून्य, सात, आठ.”

“असं मॉडेलच नाही, काकू. परत बघा.”

परत बघितले. शेवटचा आठच दिसत होता. पण चाळीस वर्षे सुईच्या नेढ्यात ओतलेले डोळे ते. त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची? काकू कुठं अडल्या की गुणगुणायच्या, तशा गुणगुणू लागल्या :

*सुई गं धावते पुढं, दोरा गं तिच्या मागं*
*जाशील तिथं जा बाई, गाठ आहे माझ्यासंगं.*

“बाई, रीडिंग घ्यायचंय. मीटर कुठंय?”

हे दारात उभे. रोज दुपारी ते हेच विचारत, आणि काकू रोज काहीतरी दाखवत. कधी पंख्याचे बटण, कधी शिलाई मशीन. आज मात्र त्यांचा दाखवायला उचललेला हात तसाच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिले. मग उठून घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवले.

“हा घ्या. नवीन आलाय. लहान आहे जरा.”

ह्यांनी खिशातली बॅटरी काढली. उजेड सरळ टाकला नाही. बाजूने, तिरपा धरला.  आणि आवाज आला तो पूर्वीचा, जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा :

“एच. आर. चार. शून्य. सात. बी.”

“आठ नाही तो?”

“बाई, आठाला दोन्हीकडं पोट असतं. ह्याची पाठ सरळ आहे. बी.” ते जरा दुखावल्यासारखे झाले. “चौतीस वर्षांत आपलं एक रीडिंग चुकलेलं नाही.”

“नाही चुकलं,” काकू म्हणाल्या. “एकही नाही.”

फोनवर दुकानदार ओरडलाच, “आहे, काकू! एकच उरलाय. या लवकर.”

दुसऱ्या दिवशी लेक आला. पिशवीतून पितळी कुलूप काढून त्याने मशीनच्या फळीवर ठेवले. काकूंनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. त्या नवऱ्याच्या मनगटावर पट्टा आवळत होत्या. घड्याळ उजळले. फोनमध्ये ठिपका उमटला.

टोपी घालून, बॅटरी खिशात टाकून हे दाराशी गेले.

“बाबा, थांबा ना जरा—”

ते वळले. लेकाला पाहिले, कुलूप पाहिले, मग काकूंना म्हणाले, “बाई, दार उघडं ठेवलंत, बरं केलंत. लोक कुलूप घालून जातात. मग ते घर राहून जातं.”

आणि पायऱ्या उतरून गेले.

लेकाने उंबऱ्यात चपला पायांत सरकवल्या. “मी जातो मागून,” तो म्हणाला.

“जा. पण लांबून. त्यांच्या कामात येऊ नकोस.”

तो गेला. काकूंनी फोन मशीनला टेकवून उभा केला. कुलूप हाताला लागत होते, ते कापडावर वजन म्हणून ठेवले. ठिपका गल्लीच्या टोकाशी पोचला होता. एकेका दाराशी थांबत होता, पुढे सरकत होता. ह्या घरचे रीडिंग झाले होते.

काकूंनी सुई ओवली, दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली, आणि दार होते तसे उघडे ठेवून शिवायला बसल्या.