गोलकीपरचे हातमोजे

आमचा प्रशिक्षक भित्रा आहे, हे टीव्हीवरच्या जाणकारांच्या आधी मी ओळखलं होतं. मी फुटबॉल क्लबचे कपडे धुतो. प्रेक्षकांच्या स्टँडच्या खाली आमचा धुलाईखाना आहे. तिथे तीन मोठी मशिनं, एक ड्रायर, हाताने धुवायचं टाकं आणि कोपऱ्यात बायकोचं इस्त्रीचं टेबल. मॅच संपली की टोपल्या खाली येतात आणि त्यांत सगळं कळतं. आमच्या स्ट्रायकरचा शर्ट नुसता घामाने ओला असायचा, तोही ऊन असलं तर. बचावपटूंच्या चड्ड्या मात्र मातीने इतक्या माखलेल्या की दोनदा भिजत घालाव्या लागायच्या. चेंडू पुढे स्ट्रायकरपर्यंत जातच नाही, हे मला शर्टावरूनच कळायचं.

लोकांनी प्रशिक्षकाचं नाव 'कुलूप' ठेवलं होतं. गोल झाला की संघ कुलूप लावून बसायचा, आणि झाला नाही तरी बसायचाच. मी या नावाचा खंदा पुरस्कर्ता. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नेमका उलट. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना लांबचं स्पष्ट दिसतं की जवळचं, हे विचारून विचारून त्याला सगळ्या जगाचे नंबर आपल्यालाच कळतात असं वाटायला लागलंय. त्याच्या मते कुलूप हाच खरा शहाणा माणूस.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मी गोलकीपरचे हातमोजे धुवायला घेतले होते. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मोसमातली शेवटची मॅच. एक गुण मिळाला तर आम्ही टिकणार होतो. हरलो तर खालच्या लीगमध्ये, आणि तिथे गेलो तर क्लब धुलाईखाना बंद करून कपडे बाहेर देणार, हे सेक्रेटरींनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. बायकोची कंबर धरते. आम्हाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

"भावजी, एकच गुण हवाय," मेहुणा म्हणाला. "बरोबरी झाली तरी चालतंय. मग उगाच पुढे पळून अंगावर कशाला घ्यायचं?"

"घरच्या मैदानावर बरोबरीसाठी खेळायचं? अरे, निदान लोकांना तोंड दाखवायला तरी एखादा गोल मारा."

"तोंड दाखवायला? नोकरी तुमची जाणार आहे, माझी नाही."

हे मला झोंबलं. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी त्याला या मोसमातले सगळे गोलशून्य सामने मोजून दाखवले. बोलता बोलता हातमोज्यांच्या दोन्ही जोड्या टाक्यात बुडवल्या, फडताळावरचा निळा डबा उघडून दोन टोपणं औषध ओतलं, हातमोजे चोळले, पिळले आणि दोरीवर टाकले. हातमोज्यांचं काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्यांच्या तळव्यांना चिकट रबर असतं, त्याला त्याचंच औषध लागतं. एवढी काळजी घेणारा माणूस मी.

शनिवारी सगळं सामान वर गेलं. तीनला दहा मिनिटं कमी असताना मी टॉवेल मशीनमध्ये भरत होतो. टॉवेल मऊ व्हावेत म्हणून आम्ही सॉफ्टनर घालतो. "सॉफ्टनर कुठाय?" मी विचारलं.

"तो काय, समोर," बायको म्हणाली. "या खेपेला निळ्या डब्यात आलाय."

फडताळावर दोन निळे डबे होते. हातमोज्यांच्या औषधाचं टोपण अजून सीलबंद होतं. दुसऱ्याचं उघडून मी वास घेतला, आणि फुलांचा घमघमाट आला. काल फोनवर बोलताना मी उघडला तो हाच डबा. कपडे मऊ करायचं औषध रबरावर गेलं की रबराची पकड संपते. तो हात ओल्या काचेवर ठेवल्यासारखा सरकतो. आणि आमच्या गोलकीपरच्या हाताला राखीव गोलकीपरचे हातमोजे बसत नाहीत, दोन नंबरांचा फरक आहे.

मी जिने चढत धावलो. खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा संघ मैदानात उभे राहिले होते आणि पंच नाणं उडवत होता. आता कुणाला काय सांगणार? तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. कठड्याच्या पलीकडे पहिल्याच रांगेत मेहुण्याची जागा.

"भावजी, तुम्ही कसे वर? काम सोडून?"

मी नुसता गोलकीपरच्या हातांकडे बघत राहिलो.

शिट्टी वाजली आणि आमचा संघ मागे सरकला. मागे म्हणजे किती? बचावाला पाच जण आडवे, त्यांच्या पुढे आणखी चौघे, आणि स्ट्रायकर मधल्या वर्तुळात एकटाच. सबंध स्टँड ओरडायला लागलं. पहिल्या दहा मिनिटांतच शिव्या सुरू झाल्या. एरवी त्यांत माझा आवाज सगळ्यात वर असता.

"स्ट्रायकरलाही मागे घ्या," मी म्हणालो.

मेहुण्याने चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"एकटा पुढे उभा राहून काय करणार? मागे येऊ दे त्याला."

"भावजी, काल तुम्ही मला पाऊण तास..."

"कालचं काल होतं."

अर्ध्या तासानंतर मेहुण्याचाही धीर सुटला. "मी कुलपाची बाजू घेतो, पण हे अति झालं," तो म्हणाला. "एक कॉर्नर तरी मिळवा. समोरचा संघ तरी कुठे मोठा लागून गेलाय?" आता तो पुढे जा म्हणत होता आणि मी मागे या. आसपासच्या लोकांना वाटलं असेल की दोघांनी जागा बदलल्यात. मला कशाचीच शुद्ध नव्हती. समोरच्यांचा कुणी चेंडू घेऊन पुढे आला की मी कठडा घट्ट आवळून धरायचो, आणि आमच्या दाढीवाल्या बचावपटूने तो प्रेक्षकांत भिरकावला की मी टाळ्या वाजवायचो. त्याच्या चड्ड्यांवरून मी मोसमभर कुरकुर केली होती. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली.

उत्तरार्धात चेंडू गोलपाशी तीनदा पोचला. गोलकीपरने एकदाही तो पकडला नाही. दोनदा मुठी मारून लांब घालवला, एकदा सरळ छातीवर घेतला आणि लाथेने उडवला.

"पकडत का नाही हा?" मेहुणा वैतागला. "साधा चेंडू होता."

"मुठीच बऱ्या," मी म्हणालो.

शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघातल्या लांब केसांच्या पोराने वीस पावलांवरून चेंडू जोरात मारला. मी डोळे मिटले. स्टँडमधून आधी मोठा श्वास ऐकू आला आणि मग लांब शिट्टी. डोळे उघडले तर दाढीवाला जमिनीवर आडवा, आणि चेंडू त्याच्या पोटाखाली. शून्य-शून्य. आम्ही टिकलो होतो. लोक अजून शिव्या देत होते आणि मेहुणा मला मिठी मारत होता. असं हायसं मला मुलगी झाली तेव्हा वाटलं होतं, त्यानंतर आजच.

खाली आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, मग आधी जाऊन साहेबांना सांगून या." मी निघणार, तोच दारात प्रशिक्षक उभा. चार वर्षांत तो पहिल्यांदा खाली आला होता. हातात हातमोज्यांची जोडी.

"वास छान आहे," तो म्हणाला.

"साहेब, माझी चूक. डबे बदलले. फोनवर बोलत होतो."

"गोलकीपर मॅचआधीच्या सरावातच माझ्याकडे आला. म्हणाला, चेंडू हातात टिकत नाही. दुसरी जोडीही तशीच."

"मग तुम्ही पाच जण मागे ठेवलेत ते..."

"चेंडू त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, आलाच तर पकडायचा नाही. दुसरं काय करणार होतो? मुलांनी नीट ऐकलं." त्याने हातमोजे टेबलावर ठेवले. त्याचा चेहरा दमलेला होता. "बाहेर सगळे विचारत होते, एवढं भेकड का खेळलात. मी म्हटलं, माझी पद्धत आहे."

"तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुमची नोकरी आजच वाचली, ती परत घालवायची?"

मी त्याच्यासमोर रडलो. लाज वाटली, पण रडलो. बायकोने त्याला बसायला खुर्ची दिली. चहा पिताना त्याने विचारलं की मोसमभर आपण कसे खेळलो असं मला वाटतं. मी खोटं बोलू शकलो असतो.

"बाकीच्या मॅचेसना हातमोजे चांगले होते, साहेब," मी म्हणालो. "तेव्हा थोडं पुढे जायला हरकत नव्हती."

तो हसला. चार वर्षांत तेही पहिल्यांदाच.

मेहुण्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, आणि कुणाला बोलायचं नाही अशी तंबी दिली. तो चष्मा काढून पुसत म्हणाला, "म्हणजे मी तुम्हाला बचाव समजावत होतो, तेव्हाच तुम्ही सॉफ्टनर ओतत होतात?"

"हो."

"मग फोन ठेवायचा ना."

"कसा ठेवणार? तू चुकीचं बोलत होतास."