चिंधी बांधलेली भांडी

माळ्यावरून हिलालने खाली दिलेला तिसरा हंडा मिश्रीलालशेठनी दोन्ही हातांनी झेलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि गळ्याला बांधलेली चिंधी डोळ्यांजवळ नेली. लाल, काठाला पिवळी रेघ. मग चिंधीखालच्या सुतळीच्या गाठी अंगठ्याने चाचपल्या. एकोणीस भरल्या.

“एकशे नव्वद,” ते म्हणाले.

“कोणाचे?” पारसने विचारलं. नवी कोरी वही मांडीवर उघडून तो बसला होता.

“लाल चिंधीचे.”

पारसने पेनाला टोपण लावलं आणि छताकडे बघितलं.

एक्क्याण्णव सालची दिवाळी झाली की सावद्याच्या बाजारपेठेतलं हे भांड्यांचं दुकान बंद व्हायचं होतं. पारसने जळगावला स्टँडजवळ गाळा घेतला होता. तिथे स्टील, मिक्सर, कुकर, सगळं हप्त्यावर मिळणार होतं. हप्त्याच्या कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव आणि नवरा कुठे कामाला, अशा चार रेघा छापून तयार होत्या. मुलगा हुशार होता, धंदा त्याला कळत होता. फक्त माळ्यावरच्या या चौदा भांड्यांपुढे त्याचं डोकं चालेना.

मिश्रीलालशेठच्या दुकानात उधारी करणाऱ्याचं नाव वहीत चढायचं. रोकड देणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आणि रोकड देणाऱ्यांत बायाच जास्त. केळीच्या मळ्यात मजुरीला जाणारी, घरी शिवण करणारी, अंडी विकणारी अशी एखादी बाई बाजाराच्या दिवशी यायची, भांडं पसंत करायची आणि पदराच्या गाठीतून पाच-दहा रुपये काढून ठेवायची. तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी त्या भांड्याला बांधायची, दहा रुपये झाले की सुतळीला एक गाठ मारायची आणि भांडं माळ्यावर चढवायचं. किंमत फिटली की भांडं तिचं. मध्येच नड आली तर तेवढ्या गाठी सोडून पैसे परत. कशाला हवेत हे विचारायचं नाही. त्या पैशांवर कोणी माहेरी जाऊन आली, कोणी पोरीची नववीची फी भरली, कोणी एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. शेठच्या कानावर ते कधी उडत उडत यायचं, कधी यायचंही नाही. खरं सांगायचं तर पुष्कळ जणींना भांडं नकोच असायचं. घरात कुणी विचारणार नाही असे चार पैसे हवे असायचे. ते घरात ठेवावेत तर सासू डबे हुडकणार, बँकेत ठेवावेत तर खिडकीमागे कुणाचा ना कुणाचा दीर बसलेला.

या नेमाचा शेठना भारी अभिमान. जेवणाच्या पंगतीत विषय निघाला की ते सांगत, सावद्यातल्या निम्म्या बायांच्या मुठी माझ्या माळ्यावर आहेत आणि एकीचंही नाव मला ठाऊक नाही. ठाऊक अर्थात सगळ्यांची असायची. पण ठाऊक असणं वेगळं आणि वहीत असणं वेगळं, हे ते जाणून होते.

घरचा हिशेब मात्र रोज संध्याकाळी पैशा-पैशाने व्हायचा. भंवरीबाई होत्या तोवर त्या समोर बसून तोंडी सांगत: भेंडी इतक्याची, दही इतक्याचं, उरले इतके. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. सून सासऱ्याशी बोलत नसे, ती दाराआडून वाटीत उरलेली मोड आणि चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी वाचून शेठ “हं” म्हणाले की दिवस मिटला. व्यापाऱ्याच्या घराला ही शिस्त लागतेच, असं ते म्हणत, आणि त्यात त्यांना काही वावगं दिसत नसे.

पारसचं म्हणणं, रिक्षावर भोंगा लावून गावात फिरवू. दुकान बंद होतंय, आपापली भांडी सोडवून न्या.

“भोंगा नवऱ्यांनाही ऐकू जातो,” शेठ म्हणाले. “चौदा घरांत उद्या चौकशी सुरू होईल. कुणाचे पैसे, कुठून आणले, किती दिवसांपासून. ज्या बाईने माझ्याकडे विश्वासाने ठेवले, तिला मी घरी मार खायला लावू?”

“मग त्यांना कळणार कसं?”

“बाजाराच्या दिवशी बाहेर बांबूला टांगू. ज्या बाईची चिंधी ती बाई ओळखेल.”

“आणि तिचा नवरा?”

शेठ मनापासून हसले. “पस्तीस वर्षं बायकांना भांडी विकतोय. नवऱ्याला बायकोच्या लुगड्याचा काठ ओळखता आला असता, तर हा माळा पहिल्याच वर्षी रिकामा झाला असता.”

माळ्यावरून हिलाल काहीतरी पुटपुटला. तेवीस वर्षं तो या दुकानात होता. शेठ माल आणायला इंदूरला गेले की दोन-दोन दिवस गल्ला त्याच्याच हाती असायचा. एक भांडं वरच राहू द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. लहानसं आहे, फिरकीच्या झाकणाचा तांब्या आहे, प्रवासात पाणी न्यायचा, त्याला कोण घ्यायला येणार.

“चौदा म्हणजे चौदा,” शेठ म्हणाले. “आण खाली.”

बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानापुढे बांबू बांधला गेला आणि त्याला चौदा भांडी लागली. हंडे, कळश्या, एक पाणी तापवायचा बंब, शेवटच्या टोकाला तो तांब्या. बाकीची भांडी हिलालने चिंचेने लख्ख केली होती. तांब्यावर मात्र माळ्यावरची काजळी तशीच होती. शेठना ते दिसलं, पण गर्दी वाढत होती.

त्या दिवशी मिश्रीलालशेठनी खरोखर मजा बघितली. केळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असलेला आधार दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. त्याने चहा मागवला, बशीत ओतून प्यायला, केळीचा भाव पडल्याबद्दल चार शब्द बोलला, आणि हे सगळं लाल चिंधीच्या हंड्याखाली बसून. एकदा तर हंडा डोक्याला लागला म्हणून त्याने हाताने बाजूला केला. पलीकडे कांदेवालीजवळ त्याची बायको द्रौपदाबाई गुडघ्यावर बसली होती आणि एकच कांदा कितीतरी वेळ निवडत होती. आधार उठून बैलबाजाराकडे गेला तेव्हा कुठे ती कांदा ठेवून आली. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तिकडचीच.

“हाऊ मना शे, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “हंडा नको. माले पैसा द्या.”

शेठनी चिंधी सोडली, एकशे नव्वद रुपये तिच्या हातावर ठेवले आणि मान दुसरीकडे वळवली. पैसे कुठे लपवले जातात हेही बघायचं नाही, हा नेमातलाच भाग होता. चिंधी मात्र तिने मागून घेतली.

दिवसभर असंच चाललं. बाया एकेकट्या आल्या. कोणी भांडं नेलं, बहुतेकींनी पैसे नेले. वरणगावच्या फॅक्टरीत नवरा असलेली बेबाबाई तर नवऱ्याला सायकलजवळ उभं करून आली आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःचीच कळशी भाव करून घेऊन गेली. नवरा तिकडून ओरडला, एवढी महाग कशाला. ती म्हणाली, जुनी आहे म्हणून स्वस्तात देतायत. शेठनी हसू दाबायला तोंडावर उपरणं धरलं. पारसही बघत होता. दुपारनंतर त्याने ती वही मिटून ठेवली, हे शेठच्या नजरेतून सुटलं नाही. आता असं गिऱ्हाईक जळगावला कुठलं, असं त्यांच्या मनात येत राहिलं. तिथे कार्ड असणार, कार्डावर नवऱ्याचं नाव असणार.

ऊन उतरलं, बाजार पांगायला लागला. बांबूवर एकटा तांब्या उरला.

“याचं कोण आलं नाही?” शेठनी विचारलं.

हिलाल दुकानाच्या फळ्या लावायला वळला. पारस हातगाडीवाल्याशी बोलायला गेला होता. शेठनी तांब्या काढून मांडीवर घेतला. चिंधी काजळीने काळी पडली होती. सुतळीला सात गाठी होत्या, म्हणजे सत्तर रुपये. पण गाठींच्या पुढे सुतळी लांबवर वळ्या पडलेली होती. तिथल्या गाठी कधीतरी सोडलेल्या होत्या. पुन्हा मारलेल्या, पुन्हा सोडलेल्या. तांब्याची किंमत बुडाशी खडूने लिहिलेली होती, पंचेचाळीस. म्हणजे हिला तांब्या घ्यायचाच नव्हता. चांगली हुशार बाई दिसते, असं म्हणत त्यांनी कौतुकाने चिंधीची गाठ सोडली. आतला पदर उलगडला. तिथे धूळ पोचली नव्हती.

हिरव्या रंगावर पिवळे बारीक ठिपके. बांधणी होती.

ही साडी त्यांनी राजस्थानातल्या पालीहून आणली होती, पारसचा जन्म झाला तेव्हा. पुढे ती घरात रोजची झाली. वर्षानुवर्षं संध्याकाळी ते तिच्यासमोर बसून भेंडीचा भाव ऐकत आले होते. आज सकाळपासून ते याच चिंधीखालून आत-बाहेर करत होते, आणि आधारला हसत होते.

“हिलाल,” ते म्हणाले. “हे कधीपासून?”

हिलालने हातातली फळी खाचेत बसवली. मागे वळून न बघता तो म्हणाला, “शेठ, तुम्हीच सांगतलं व्हतं. रोकड देनाऱ्याले काही इचारायचं नही.”

पुढची फळी उचलत तो आणखी म्हणाला, “मी इचारलं नही.”

शेठना आधी राग आला. माझ्याच दुकानात, माझ्याच नोकराकडे, माझ्याच पैशातून. तिला काय कमी होतं? मागितलं असतं तर दिलं नसतं का? मग त्यांना आठवलं, मागितल्यावर आपण काय विचारलं असतं. कशाला, हेच विचारलं असतं. आणि तिचं उत्तर धुळे असतं तर?

धुळ्याला तिची बहीण मोहनबाई. साडू दलिचंदशी भागीदारीवरून बिनसलं तेव्हापासून, चौदा वर्षं, धुळ्याचं नाव त्यांच्या घरात निघालं नव्हतं. भंवरीबाईंनी कधी हट्ट धरला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. समजूतदार बायको मिळाली म्हणून शेठ दहा जणांत सांगत. ती गेली त्या दिवशी मोहनबाई येऊन तिच्या पायांशी बसली आणि रडत म्हणाली होती, पौषात आलीस तेव्हा पुन्हा येते म्हणाली होतीस ना गं. शेठनी ते ऐकलं होतं. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून सोडून दिलं होतं. पौषात ते इंदूरला होते.

त्यांनी सुतळीवरच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. किती वेळा धुळ्याला गेली असेल, ते मोजायला घेतलं आणि मध्येच हात काढून घेतला. ते मोजायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना एकदम कळलं. आपल्याला न सांगता ती गेली, याचं वाईट वाटत होतं. पण ती गेली, बहिणीच्या घरी बसली, दोघी हसल्या-बोलल्या असतील, हे त्याहून मोठं वाटत होतं. चिंधी त्यांनी पुन्हा होती तशी बांधली.

पारस आला. एकच राहिलंय, याचं काय करायचं, म्हणाला.

“मी नेतो,” शेठ म्हणाले. पारसने पुढे काही विचारलं नाही. दिवसभरात तोही थोडं शिकला होता.

घरी दिवेलागणीआधीच जेवणं झाली. शेठ नेहमीच्या जागी बसले, तांब्या शेजारी. उंबऱ्यावर वाटी सरकली. आत मोड आणि घडी घातलेली चिठ्ठी. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

शेठनी वाटी उचलली नाही. चिठ्ठी उघडली नाही. हाताने वाटी परत दाराकडे सरकवली.

“बिनणी,” ते सुनेला म्हणाले, “हे पैसे तुझ्याजवळ राहू दे. उद्यापासून चिठ्ठी नको.”

वाटी आत गेली. शेठना बरं वाटलं, आणि असं बरं वाटायला इतकी वर्षं लागावीत याची लाजही वाटली. अंगणात कोणी तरी मुलांना हाका मारत होतं. ते भिंतीला टेकून डोळे मिटणार, तेवढ्यात उंबऱ्यावर पुन्हा आवाज झाला. वाटी परत आली होती.

त्यांनी चिठ्ठी उघडली. मेथी, दही, कोथिंबीर एक रुपया, नेहमीचंच अक्षर. कोथिंबिरीवर आता पेन्सिलीने काट मारलेली होती, आणि खाली घाईघाईने लिहिलं होतं: कोथिंबीर आठ आणे. गजरा आठ आणे. माझं चुकलं.

शेठनी ते दोनदा वाचलं. दाराआड ती “हं”ची वाट बघत उभी होती.