धर्माच्या पुढ्यातली थाळी

धर्मा माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला, म्हणून त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क माझा आहे.

उरणकडच्या आमच्या गावात मीठ उचलून घेतलेली शपथ मोडली, तर माणूस वर्षात जातो असं मानतात. सदतीस साली धर्मा असेंब्लीच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा खोतानं गावदेवीपुढे मिठाची थाळी ठेवली आणि मिठागरातल्या एकेकाला मूठ भरायला लावली. "खाल्ल्या मिठाला जागा. मत माझ्या पुतण्याला." आमच्या घरधन्यांनीही मूठ भरली.

धर्मा गावभर ओरडत फिरला, "ते मीठ तुमच्या घामाचं हाय, खोताचं न्हाय! मीठ कोनाला मारीत न्हाय!" त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण लोकांना पटलं. घरधन्यांनी भीत भीत त्यालाच मत दिलं आणि धर्मा निवडून आला. मग वर्षभर माझा जीव टांगणीला. ते साधे खोकले तरी मी रात्र जागून काढायची. वर्ष सरलं, त्यांना काही झालं नाही. तरी ते म्हणत, "देवीनं एकदा सोडलं. पुन्हा न्हाय सोडनार."

पुढल्या वर्षी मिठागरात मजुरीवरून संपाची बोलणी सुरू झाली. पुढं होते आमचेच घरधनी. धर्मा मुंबईहून मोटारीनं आला. त्याला मंत्रिपदाची आशा लागली होती आणि स्वतःच्याच गावात संप नको होता. सगळे मिठागरी आमच्या अंगणात जमले.

"बाय, थाळीत मीठ आन," तो म्हणाला.

मला वाटलं, जेवणाला हवं असेल. मी बावळट, भरली थाळी घेऊन गेले. त्यानं ती घरधन्यांपुढे सरकवली.

"भावजी, मूठ भरा. संप करनार न्हाय म्हना."

"मीठ कोनाला मारीत न्हाय, तूच म्हनला व्हतास," ते कसेबसे बोलले.

"मंग भ्यायचं कशाला?" धर्मा हसला.

खोताला मी भ्याले होते, पण इतकी नाही. हे हसू मी वाढवलेल्या पोराचं होतं. घरधन्यांचा हात थाळीकडे निघाला. ते शपथ घेतील, पोरांच्या भुकेपायी मोडतील आणि मग रोज मरणाची वाट बघत बसतील, हे मला दिसत होतं.

त्यांच्या आधी मीच मूठ भरली.

"आईची आन, धर्मा. पुन्हा मतं मागाया आलास, तर दारोदार तुझ्याइरुद्ध फिरेन मी."

धर्माचं हसू मावळलं. मिठाला न भिणारा माझा भाऊ माझ्या मुठीकडे बघत राहिला.