चोराला आवडलेला स्वेटर

काकांनी हवेत जोरात टाळी वाजवली आणि ओंजळ उघडून पाहिली. हातात काही नव्हतं. पिवळसर, भाताच्या तुसाएवढा पतंग काकांच्या डोक्याभोवती एक चक्कर मारून पडद्यामागे गेला.

"चिलट असेल," काकू म्हणाल्या. चहाची किटली त्यांनी जरा जोरातच खाली ठेवली.

आत्यांनी कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि पडद्यापर्यंत जाऊन आल्या. त्या काकांची थोरली बहीण. गेल्याच महिन्यात कायमच्या राहायला आल्या होत्या.

"चिलट नाही. कसर आहे ही," त्या म्हणाल्या. "लोकर असल्याशिवाय ही येत नाही."

"आपल्याकडे कुठली लोकर?" काका म्हणाले. "हिने तर सगळी देऊन टाकली."

काकूंनी मान खाली घातली. ती विनयाने घातली आहे असा सगळ्यांचा समज झाला.

आत्यांसाठी मागची खोली रिकामी करायची ठरली, तेव्हा ती जमिनीपासून छतापर्यंत लोकरीने भरलेली होती. काकूंनी दोन दिवस विचार केला आणि सगळी लोकर वृद्धाश्रमाला दिल्याचं जाहीर केलं. काकांनी हा त्याग इमारतीच्या चारही मजल्यांवर सांगितला. जिन्यात भेटणारी माणसं काकूंकडे आदराने पाहू लागली. लोकर मात्र घराबाहेर गेलीच नव्हती. ती फक्त पसरली होती. दिवाणात, उशांच्या अभ्र्यांत, चाक मोडलेल्या सूटकेसमध्ये, आणि पाहुण्यांच्या पंगतीसाठी घेतलेल्या मोठ्या कुकरमध्ये. ह्या घरात पंगतीला पाहुणे येत नसत, हे काकूंना कुकर घेतानाच माहीत होतं.

विणणं हा एक छंद आणि लोकर घेणं हा दुसरा. दोन्ही एकाच माणसाला असले, तरी त्यांची एकमेकांशी ओळख असलीच पाहिजे असं नाही. दुकानात गेल्यावर काकू आधी रंग पाहत नसत. लोकरीचा गुंडा उचलून गालाला लावत, डोळे मिटत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक अख्खा स्वेटर उभा राही, बाह्यांसकट, बटणांसकट. मग तो विणायचं काय राहिलं? त्या गुंडा घेऊन तृप्त मनाने घरी येत.

शिवाय त्यांना घाई नव्हती. विणकर म्हणून त्यांचं नाव एका स्वेटरवर झालं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी काकांसाठी मोहरीच्या रंगाचा स्वेटर विणला होता, आणि तो काकांच्या ऑफिसातून चोरीला गेला. खुंटीवर तीन कोट होते. चोराने त्यांना हातही लावला नाही, स्वेटर तेवढा नेला. ही हकिगत काकूंनी आजवर शेकडो जणींना सांगितली होती. कौतुक नातेवाईकसुद्धा करतात, पण चोर उगीच कशाला तोंडदेखलं वागेल? त्या स्वेटरच्या तोडीचं काहीतरी एकदा विणायचं, म्हणून त्या लोकर जमवत होत्या.

"उद्या फवारणीवाल्याला बोलावते," आत्या म्हणाल्या. "एकूण एक कपाट रिकामं करायचं. लोकरीचं जे सापडेल ते जाळायचं, नाहीतर देऊन टाकायचं."

देऊन टाकण्याच्या बाबतीत आत्या शूर होत्या. वस्तू दुसऱ्याची असली की जास्तच.

दुपारी आत्यांचा डोळा लागल्यावर काकूंनी एकेक जागा उघडली. कसर लागलेली लोकर हाताला लगेच कळते. धागा ओढला की तो तुटत नाही, नुसता सुटून येतो. पण दिवाणातली लोकर धडधाकट होती. अभ्र्यांतली, सूटकेसमधली, कुकरमधलीही. जिथे तिथे कोपऱ्यात एकेक डांबरगोळी होती. इतक्या गोळ्या आपण कधी टाकल्या, हे काकूंना आठवेना. वय झालं, असं म्हणून त्यांनी कुकरचं झाकण लावलं.

मग कसर आली कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीवाला आला. पाठीवर टाकी, हातात बॅटरी. आत्या पुढे, तो मागे, त्याच्या मागे काकू, आणि सगळ्यांत शेवटी पेपरची घडी धरलेले काका, अशी वरात स्वयंपाकघरात शिरली.

"हा एवढा मोठा कुकर कशाला?" आत्यांनी मुठीला हात घातला. "झाकण का निघत नाही?"

काकू पुढे सरकल्या. "ते जरा…"

"अडकलंय ते," मागून काका म्हणाले. "मीच उलटं बसवलं. राहू दे, बोट चेमटेल तुझं."

आत्यांनी हात काढून घेतला. काकूंनी देवाचे आभार मानले. नवऱ्याच्या धांदरटपणाचा त्यांना जन्मात पहिल्यांदाच उपयोग झाला होता.

झोपायच्या खोलीत फवारणीवाला दिवाणाकडे वळला, तोच काका त्यावर जाऊन बसले.

"बाळ, ऊठ. त्यांना दिवाण उघडायचाय."

"कंबर धरलीय, ताई. आता उठवत नाही."

"आत्ता तर चालत होतास!"

"चालताना नसते ती. थांबल्यावर धरते."

फवारणीवाल्याने खांदे उडवले आणि तो काकांच्या कपाटाकडे गेला. वरचे कप्पे त्याने पाहिले. मग खाली वाकून त्याने तळातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीवर बॅटरी मारली.

"तिथे काही नाही!" काका म्हणाले. "ऑफिसचे कागद आहेत." ते अर्धे उठले, दिवाणाकडे पाहून पुन्हा बसले, आणि पुन्हा उठले. बसलेला माणूस पेटीपर्यंत पोचत नाही, आणि उठलेल्याला दिवाण झाकता येत नाही. काका मध्येच कुठेतरी अडकले होते. काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

"कागदांना कडी कशाला?" म्हणत आत्यांनी पेटी उघडली.

आतून दोन पतंग उडाले.

आत्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून वर काढला तो स्वेटर होता. मोहरीच्या रंगाचा. एक बाही कोपराच्या जरा खाली संपत होती आणि दुसरी हाताची बोटं झाकून वर चार बोटं उरेल एवढी होती. पोटाशी चाळणी झाली होती. उजेडात धरल्यावर त्यातून समोरची खिडकी दिसली.

काका दिवाणाच्या काठावर बसले होते आणि स्वतःच्या पावलांकडे बघत होते.

"अगं," आत्या सावकाश म्हणाल्या, "हा तर तुझा. चोरीला गेला होता ना?"

काकूंनी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला. बाहीवर एकदा हात फिरवला.

"तो नव्हे," त्या म्हणाल्या. "ही त्याची जोडी. तेव्हा दोन विणले होते. एक चोराने नेला. हा मीच ठेवला इथे, मीच विसरले."

"दोन? अगदी एकसारखे?"

"अगदी."

"बाह्यासुद्धा?"

"तेव्हा तशी पद्धत होती."

आत्यांनी भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. फवारणीवाला घसा खाकरून म्हणाला, "हीच जागा. हा घराबाहेर काढा. आणखी कुठे लोकर आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

"नाही," काकू म्हणाल्या.

"नाही," काकाही म्हणाले. दोघांचं एकदमच झालं.

संध्याकाळी औषधाचा वास थोडा ओसरला. आत्या आपल्या खोलीत दार लोटून पडल्या होत्या. स्वेटर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवला होता. थंडीने अळ्या मरतात, आणि स्वेटरलाही इतक्या वर्षांनी थंडी कळते.

"चोराने परत आणून ठेवला म्हणायचा," काकू म्हणाल्या.

काका चष्मा पुसत होते. आधीच पुसलेला होता. "तसंच असेल."

"आवडला नसेल त्याला."

"आवडला होता," काका म्हणाले. "घालून बाहेर जायचा धीर होईना. आणि टाकवेना."

ज्यांना ज्यांना ती हकिगत सांगितली होती, त्या सगळ्या जणी काकूंच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात, कारण त्यांनी एकदम कपाळाला हात लावला.

"मग एखादी डांबरगोळी तरी टाकायची चोराने."

"माझ्या कपाटाला वास आला असता. तू विचारलं असतंस."

काकू उठल्या, खणातून टेप काढला आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात पुढे करा. दोन्ही."

त्यांनी उजवा हात मापला. मग डावा. मग पुन्हा उजवा.

काकांनी हात खाली घेतले आणि ते स्वयंपाकघरात गेले. कुकरचं झाकण एका झटक्यात निघाल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात गडद निळा गुंडा होता. दुसऱ्या हातातली डांबरगोळी त्यांनी सवयीने खिशात टाकली.

"हा पुरेल का?" त्यांनी विचारलं. "का दिवाणातला राखाडी काढू? उजव्या कोपऱ्यातला?"

काकूंनी आत्यांच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या.